चिखलदरा आणि ती पांढरी घोडी

बाबांच्या आजारपणात चार महिने दवाखाना आणि घर, घर आणि दवाखाना. बाबा बरे झाले पण माझी झोप काही परत आली नाही, शेवटी ताईच म्हणाली चल दोन दिवस चिखलदऱ्याला. अकोल्याहून अकोट, अंजनगाव, परतवाडा करत निघालो आणि घाट लागला तसा एसी बंद करून काचा खाली घेतल्या. जवळपास 1100 मीटर उंची, त्यात सप्टेंबरचं धुकं, समोरची एसटी हॉर्न ऐकूनच कळायची.

सकाळी भीमकुंड पाहिलं. भीमाने कीचकाला मारून इथल्याच दरीत टाकलं, म्हणून कीचकदरा आणि त्याचा चिखलदरा, ही गोष्ट आजीकडून कितीदा ऐकलेली. पुढे पॉइंटवर घोडेवाले उभे होते. मी तिथूनच मागे वळले, कारण सात वर्षांची असताना मामाच्या लग्नात फटाक्यांनी वरातीची घोडी बिथरली आणि मी तिच्या पायाखाली येता येता वाचले, तेव्हापासून मी घोड्याच्या जवळूनसुद्धा जात नाही.

पण ताईने हात सोडला नाही, मला एका पांढऱ्या घोडीजवळ घेऊन गेली. घोडेवाले काका म्हणाले, "आधी तिच्या मानेवर हात ठेवा बाई, बसाचं मंग पाहू." मान गरम होती, ओली होती, आणि श्वास इतका सावकाश चाललेला की माझाही तसाच व्हायला लागला. मग डावीकडून रिकिबीत पाय घालून चढले. चढल्या चढल्या लगाम गच्च आवळला, गुडघेही आवळले, तर घोडी पुढे सरकली आणि मी ओरडलेच. "पाय ढिले सोडा, तुमी आवळलं का तिले वाटते पळाचं हाय." हे मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं, की आपली भीती तिच्यापर्यंत पायातून पोचते! पाय सोडले, ती थांबली. उताराला मागे रेलायचं, चढाला पुढे वाकायचं, एवढं शिकत शिकत अर्धा तास फिरले. मध्येच धुकं फाटलं आणि समोर गाविलगडाची तटबंदी दिसली, 1803 च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतला तो किल्ला. दरीच्या बाजूला असूनही मी डोळे मिटले नाहीत हे ताईने नंतर सांगितलं, माझ्या लक्षातही नव्हतं.

संध्याकाळी रबडी खाल्ली, हाताला घोडीचा वास येत होता तो धुवावासा वाटला नाही. त्या रात्री नऊलाच झोपले ते थेट सकाळी सात. गाविलगड आतून बघायचा राहिलाय, आता डिसेंबरात बाबांना घेऊन जाऊ, त्यांना चढ झेपेल का ते तेवढं डॉक्टरांना विचारायचंय.