‘ळ’वर थांबलेली जीभ

‘बाळ’ म्हणताना जीभ टाळूला जाऊन लागते ना, तिथेच ती धरून ठेवायची. ‘ळ’ सोडायचा नाही. त्याच अवस्थेत सा लावायचा आणि ओठ ‘ऊ’पासून ‘ई’पर्यंत अगदी सावकाश न्यायचे. गेल्या पावसाळ्यापासून नाशिकच्या घरी माझी पहाट अशी सुरू होते.

तुवा हा मंगोलियाला लागून असलेला रशियातला प्रदेश. तिथल्या खुमेई गायकांचं एक ध्वनिमुद्रण ऐकलं. एकच माणूस, पण खाली घुमणारा सूर आणि वर बासरीसारखी शीळ, दोन्ही एकदम. मला शिकायचंच होतं. नाशकात शिकवणारं कुणी सापडलं नाही.

पहिले तीन आठवडे मी सरळ घसा आवळला. आवाज बसला. पंचवटीत ज्या ताईंकडे मी गाणं शिकतो, त्यांनी पहिल्याच आलापात ओळखलं. “काय करून ठेवलंयस गळ्याचं? आठ दिवस सा सुद्धा लावायचा नाही.”

त्या आठ दिवसांत मी नुसता तंबोरा छेडत बसलो, आणि खरं शिक्षण तिथे झालं. खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकू येतो, हे लहानपणापासून माहीत होतं. तो येतो कारण कुठलाच सूर एकटा नसतो. माझी पट्टी, म्हणजे माझा सा, पेटीची काळी एक, साधारण १३९ हर्ट्झची. तिच्यासोबत दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूर निघतच असतात. पाचपटीचा गंधार. तंबोऱ्यात जवारी, म्हणजे घोडीवर तारेखाली सरकवलेल्या दोऱ्याने येणारी झणझण, त्यांना उजाळा देते, तोंडात ते काम जिभेचं. नवा सूर काढायचाच नव्हता! आहे त्यातला एक निवडून मोठा करायचा होता, आणि त्यासाठी आधी तो कानाला सापडायला हवा होता.

मग हळू आवाजात सुरुवात केली. मोबाईलवर आवाजातले सूर रेघांनी दाखवणारं ॲप घेतलं. जीभ केसभर हलली की एखादी रेघ ठळक व्हायची, पण कानाला काही लागत नव्हतं. दिवाळीनंतर एका सकाळी पांडवलेणी चढलो. अठराव्या लेण्यात, चैत्यगृहात, कुणी नव्हतं. दबक्या आवाजात सा धरला, जीभ ‘ळ’वर. दगडातून घुमून आलेल्या आवाजावर बारीक, स्वच्छ गंधार तरंगत होता. माझा! मी श्वास संपेपर्यंत हललो नाही.

आता पटींच्या हिशेबाने सहावा, आठवा, नववा, दहावा, बारावा असे सूर येतात. म्हणजे प सा रे ग प. भूप राग जवळजवळ हाताशी आहे, फक्त धैवत मिळत नाही. तेरावा सूर त्याच्या आसपास येतो, पण शुद्ध धैवतापेक्षा बराच उतरलेला. तुवाचे गायकही बहुतेक हेच पाच सूर घेतात.

गेल्या आठवड्यात ताईंसमोर तंबोऱ्यावर लावून दाखवलं. त्यांनी डोळे मिटले, बोटं तारेवरच थांबली. मग म्हणाल्या, “गंधार परत घे.”

कार्गिरा हा तुवाच्याच गायकीतला खर्जाचा प्रकार मात्र अजून करत नाही. त्यात स्वरतंतूंच्या वरच्या घड्याही कंप पावतात आणि सूर एक सप्तक खाली उतरल्यासारखा ऐकू येतो. समोर बसून शिकवणारं कुणी भेटेपर्यंत त्याला हात लावणार नाही.