एका पानावर दोन नागपूर

कॉलेजच्या लायब्ररीत डिझर्टेशन तपासायचं काम माझ्याकडे आहे, म्हणजे फाईल सॉफ्टवेअरमध्ये टाकायची, मजकूर दुसऱ्या कुणाच्या लिखाणाशी किती जुळतो त्याचा टक्का काढायचा, सही ठोकायची. यूजीसीच्या 2018च्या नियमात 10 टक्क्यांपर्यंत साम्याला दंड नाही, त्यामुळे पोरं त्या टक्क्याच्या मागे, बाकी कशाशी घेणंदेणं नाही. परवा एमएच्या एका पोराचा रिपोर्ट 4 टक्के आला, सही करणारच होते तेवढ्यात एका चार्टवर नजर गेली. वर मजकुरात 2011ची नागपूर शहराची लोकसंख्या 24,05,665 आणि खाली चार्टच्या खांबावर 24,97,870!

दोन्ही आकडे जनगणनेचेच, दोन्ही बरोबर. पहिला महापालिका हद्दीचा, दुसरा लगतच्या वस्त्या धरून नागरी समूहाचा. पण ज्यानं स्वतः तक्ता उघडला तो हे दोन एका पानावर असे ठेवणारच नाही. झूम केलं तर कोपऱ्यात कुणाचा तरी अर्धा कापलेला वॉटरमार्क, आणि खाली 'स्रोत: गूगल'. आमचं सॉफ्टवेअर मजकूर जुळवतं, चित्र सोडून देतं, म्हणून 4 टक्के.

पोराला बोलावलं. "एक्सेलमध्ये नवीन बनवून देतो ना मॅडम, कलर बदलून." कलर बदलून! मग म्हणे, "आकडे तर सरकारचे आहेत जी, मग चोरी कोणाची?"

प्रश्न काही अगदीच वाईट नव्हता, घरी जाईपर्यंत डोक्यात होता. म्हटलं, आकडा खुशाल घे, पण कोणत्या तक्त्यातून घेतला ते लिही, आणि कोणती वर्षं शेजारी मांडायची ही डोकॅलिटी ज्याची, त्याचं नाव दे, चार्ट तू नव्यानं काढलास तरी 'अमक्याच्या आधारे' लागतंच. तेवढ्यात त्याचे गाइड आले, "4 टक्केच आहे ना मॅडम, काहून अडवून राहिल्या?" सरांनी ते पान उघडलंच नव्हतं हे सांगायला सॉफ्टवेअर लागत नाही.

पोरगा मात्र दुपारभर जनगणनेच्या साइटवर बसला. पाच वाजता आला, "मॅडम, इथं 2001चे पण दोन आकडे आहेत, कोणता घेऊ?"

"विषय काय रे तुझा?"

"महापालिकेचा पाणीपुरवठा."

म्हटलं, मग तूच सांग.