पायाची सूज आणि मिठाचा डबा

पायाला सूज दिसली की घरी येणारा प्रत्येक जण एकच सांगतो, "पाणी कमी पी गं." बरोबरच आहे, पण अर्धंच. मी पोटाच्या डायलिसिसवर, म्हणजे सीएपीडीवर आहे. दिवसातून चार वेळा दोन लिटरची बॅग पोटात सोडायची आणि काही तासांनी ते पाणी काढायचं. एवढं करूनही अंगात पाणी साठतं, कारण मीठ ते धरून ठेवतं. वर खारट खाल्लं की तहान लागणारच, मग माझा पेला लपवून काय होणार?

डॉक्टरांनी दिवसाला 5 ग्रॅमच्या आत सांगितलंय. म्हणजे सपाट चमचाभर, तेही सगळ्या पदार्थांतलं मिळून. कणकेतलं मीठ गेलं ते कळलंसुद्धा नाही. आमटीतली माझी वाटी मीठ पडायच्या आधी बाजूला काढतो. तिला वरून लसणाची फोडणी आणि आमसूल. ठेचा मात्र अळणी चांगला लागत नाही तो नाहीच, त्याची आठवण काढते आणि गप्प बसते. पावात, फरसाणात, खायच्या सोड्यातही मिठातलंच सोडियम असतं. शेजारच्या काकूंनी प्रेमाने सैंधव आणून दिलं. तेही मीठच! आणि 'लो सोडियम' लिहिलेल्या पुडीत बऱ्याचदा पोटॅशियम असतं, ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय आपल्यासारख्यांनी घ्यायची नाही.

सकाळी पोटातलं पाणी काढलं की चहाच्या आधी, त्याच गाऊनवर वजन. एका रात्रीत किलोभर वाढलं तर ते लिटरभर पाणी, चरबी नव्हे. मग नडगीवर अंगठा दाबून धरायचा आणि खळगा भरायला किती वेळ लागतो ते बघायचं. पायातली जोडवी फिरेनाशी झाली की मला काट्याआधीच कळतं. निघालेली बॅग ताणकाट्याला टांगून सोडलं त्यापेक्षा किती जास्त आलं ते वहीत लिहिते.

कमी आलं की हात लगेच जास्त साखरेच्या बॅगेकडे जातो. दीड, अडीच आणि सव्वाचार टक्के अशा बॅगा असतात. साखर जास्त तेवढं पाणी जास्त ओढलं जातं. पण ती साखर रक्तात उतरते, मला मधुमेह आहे, आणि सतत वापरली तर ज्यातून पाणी ओढलं जातं तो पोटातला पडदाही खराब होतो. म्हणून आधी फोन, मग बॅग. सिस्टर पहिला प्रश्न विचारतात, "पोट साफ झालं का?" हसू नका. बद्धकोष्ठ असेल तर आतडं बॅगेच्या पोटातल्या नळीवर दाबतं आणि पाणी नीट बाहेर येत नाही.

माझ्या घोट्यांच्या सुजेत बीपीच्या गोळीचाही वाटा निघाला. अम्लोडिपिनने काहींना तशी सूज येते; डॉक्टरांनी बदलून दिली. आपल्या मनाने बंद करायची नाही. काढलेल्या पाण्यातून प्रथिनंही जातात आणि ती घटली की सूज वाढते, म्हणून अंड्याचा पांढरा भाग रोज.

संध्याकाळी लोडावर पाय ठेवते, बरं वाटतं. पण त्याने पाणी अंगाबाहेर जात नाही, फक्त जागा बदलतं. सकाळी पाय उतरलेले आणि पापण्या सुजलेल्या, असं पुष्कळदा होतं. एकच पाय सुजून दुखायला लागला, तर ते प्रकरण वेगळं, त्याच दिवशी दाखवायचं. आणि आडवं झाल्यावर धाप लागली तर उशीवर उशी रचत सकाळची वाट बघायची नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी रिक्षा काढायला लावायची.