सर्व वर्तुळे समरूप का असतात?

समरूप त्रिकोणांच्या कोको, बाकोबा आणि बाबाबा (को म्हणजे कोन, बा म्हणजे बाजू) या कसोट्या महाराष्ट्रात मराठीतून दहावी केलेल्यांच्या चांगल्या परिचयाच्या असतात. पण वर्तुळाला ना कोन, ना बाजू, त्यामुळे तिथे यांपैकी एकही लावता येत नाही. ‘सगळी वर्तुळे गोलच, म्हणून समरूप’ हे उत्तर मला कधीच पटले नाही, कारण लंबवर्तुळेही सगळी लंबगोलच असतात आणि तरी कोणतीही दोन लंबवर्तुळे समरूप असतीलच असे नाही. म्हणून व्याख्याच अधिक व्यापक घ्यावी लागते: सरकवणे, फिरवणे, परावर्तन आणि सर्व दिशांना एकाच प्रमाणात लहान-मोठे करणे एवढ्याच क्रियांनी एक आकृती दुसरीवर तंतोतंत बसवता आली, तर त्या आकृत्या समरूप.

क केंद्राचे २ सेमी त्रिज्येचे आणि ख केंद्राचे ५ सेमी त्रिज्येचे वर्तुळ घेऊ. क हा बिंदू ख वर येईल असे पहिले वर्तुळ सरकवले, की सरकवण्याने अंतरे बदलत नसल्यामुळे ख केंद्राचे, २ सेमी त्रिज्येचेच वर्तुळ मिळते. आता ख स्थिर ठेवून विस्तारण करायचे, म्हणजे वर्तुळावरचा प्रत्येक बिंदू प हा किरण खप वरच ख पासून अडीचपट अंतरावर न्यायचा; २ ची अडीचपट ५, म्हणून असा प्रत्येक बिंदू मोठ्या वर्तुळावर जाऊन पडतो.

बरेच जण इथेच ‘सिद्ध झाले’ लिहून मोकळे होतात आणि सिद्धता अर्धी राहते. मोठ्या वर्तुळाचा एखादा कंस रिकामा राहिलेला नाही, हेही दाखवायला हवे. त्यासाठी मोठ्या वर्तुळावर कोणताही बिंदू फ घ्यावा आणि किरण खफ वर ख पासून २ सेमी अंतरावरचा बिंदू पाहावा: तो लहान वर्तुळावर असतो आणि विस्तारणाने नेमका फ वर जातो. त्रिज्या कोणत्याही असोत, युक्तिवाद हाच राहतो. फक्त अडीचऐवजी त्या त्रिज्यांचे गुणोत्तर येते.

परीघ भागिले व्यास ही किंमत सर्व वर्तुळांसाठी एकच का, याचे मूळही इथेच आहे. वर्तुळात काढलेल्या बहुभुजाकृतींच्या परिमिती विस्तारणात त्याच पटीने वाढतात, आणि बाजूंची संख्या वाढवत नेली की त्या परिमिती परिघाच्या हव्या तितक्या जवळ जातात. म्हणून परीघ आणि व्यास एकाच पटीने वाढतात व भागाकार तोच राहतो. आर्किमिडीजने ९६ बाजूंच्या बहुभुजाकृती घेऊन ही किंमत २२३/७१ आणि २२/७ यांच्या दरम्यान असल्याचे दाखवले, आणि एका वर्तुळावर केलेले ते काम सर्व वर्तुळांना लागू पडते ते या समरूपतेमुळेच.