थंडीची नव्हे, पावसाची धास्ती

सामी लोकांविषयी आपल्याकडे जे थोडेफार लिहिले जाते, त्यात बर्फ, रेनडिअर आणि आकाशातला हिरवा उजेड यांपलीकडे फारसे काही नसते. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाचा कोला द्वीपकल्प एवढ्या मुलखात हा समाज राहतो. त्यांपैकी रेनडिअर पाळणारे थोडेच. बाकीचे चारचौघांसारखे नोकरी-व्यवसाय करतात. तरीही मी या थोड्यांविषयीच लिहितो आहे, कारण त्यांना कडाक्याच्या थंडीपेक्षा हिवाळ्यातल्या पावसाची धास्ती अधिक वाटते.

हिवाळ्यात रेनडिअर मुख्यतः लायकेनवर जगतो (गोड्या मसाल्यातले दगडफूल हेही लायकेनच). बर्फ भुसभुशीत असेल, तर खाली दडलेला चारा त्याला वासाने कळतो आणि पुढच्या खुरांनी उकरून तो खातो. पण ऐन हिवाळ्यात हवा उबदार होऊन पाऊस पडला आणि पाठोपाठ पुन्हा गारठा आला, की मुरलेले पाणी जमिनीलगत गोठून टणक थर धरते, चारा त्यात कोंडला जातो आणि खूर वरच्यावर घसरत राहतात. मग कळप जुन्या जंगलात न्यावा लागतो, कारण तिथे फांद्यांवरून लायकेन लोंबत असते. स्वीडनमध्ये मात्र लाकडासाठी अशी जंगले मोठ्या प्रमाणावर तोडली गेली आहेत. विकतचा चारा महाग पडतोच, शिवाय खाणे एकाएकी बदलले तर जनावरांचे पोट बिघडते.

एक कुरण गोठले तर दुसरे हाताशी हवे, या हिशेबावर हा सारा व्यवसाय उभा आहे. म्हणूनच मध्य नॉर्वेतील फोसेनचे प्रकरण मला महत्त्वाचे वाटते. तिथल्या दक्षिण सामींच्या हिवाळी कुरणांवर स्टोरहेया आणि रोआन येथे मिळून १५१ पवनचक्क्या उभारल्या गेल्या. हवामानबदलावरचा उपाय म्हणून ज्यांचे कौतुक होते, त्याच पवनचक्क्यांनी त्या बदलाची झळ सोसणाऱ्यांची कुरणे घ्यावीत, हे मला तरी पटत नाही. ११ ऑक्टोबर २०२१ रोजी नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला, की यामुळे सामींच्या आपली संस्कृती जपण्याच्या हक्काचा भंग झाला आहे. तरीही पाती फिरतच राहिली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सामी तरुणांनी ऑस्लोत मंत्रालयांची दारे अडवली, तेव्हा कुठे सरकारने माफी मागितली. पुढे २०२३ च्या डिसेंबरात आणि २०२४ च्या मार्चमध्ये समझोते झाले, त्यांत भरपाई आणि पर्यायी हिवाळी कुरण देण्याचे ठरले. पवनचक्क्या मात्र जागच्या हलल्या नाहीत.