शाळा सोडल्याचा दिनांक

१ ऑक्टोबर २०२५, बुधवार. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी, म्हणून पाटीपूजन आदल्या दिवशीच ठेवलं होतं. खऱ्या पाट्या आता फार थोड्या घरांत उरल्यात. पाचवीची पोरं पुठ्ठ्याला काळा कागद चिकटवून आणतात आणि त्यावर खडूने एकाच्या आकड्यांची सरस्वती काढतात. माझ्या खोलीच्या दारापर्यंत झेंडूच्या पाकळ्या आल्या होत्या. त्या गडबडीत साडेनऊच्या सुमाराला आठवीतली एक मुलगी आईबरोबर दाखला न्यायला आली. ती गेली तेव्हा नोकरी सोडायचं माझं ठरलेलं होतं.

लालबाग-परळ भागातली ही खाजगी अनुदानित मराठी शाळा. मी इथे १९९४ मध्ये गणिताची शिक्षिका म्हणून लागले, २०१३ पासून मुख्याध्यापिका आहे. खाजगी शाळा कर्मचारी नियमावलीप्रमाणे आम्ही ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. मला ५६ पूर्ण झालीत. म्हणजे दोन वर्षं गप्प बसले असते तर नारळ, शाल आणि भाषणं घेऊन रीतसर बाहेर पडले असते.

शाळेबाहेरच्या लोकांना वाटतं, मुख्याध्यापक म्हणजे शिस्त आणि परिपाठ. खरं काम असतं कागदाचं, आणि त्या कागदांत मला एकाच गोष्टीचा जीव लागलेला आहे: जनरल रजिस्टर नंबर एक. शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाची एक ओळ त्यात असते. नाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, प्रवेशाचा दिनांक, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याचा दिनांक, सोडल्याचं कारण, शेरा. खाडाखोड चालत नाही. चूक झालीच तर एका रेघेने, खालचं वाचता येईल असं खोडायचं आणि बाजूला सही करायची. जन्मतारखेला तर वरच्या परवानगीशिवाय हातच लावायचा नाही. साठी उलटलेला माणूस सिंधुदुर्गातून येतो, जन्मदाखला नसतो, आणि त्याच्या वयाचा एकमेव पुरावा आमच्या कपाटात, तपकिरी झालेल्या शाईत असतो. जुन्या लिपिकांनी बोरूने लिहिल्यासारखी वळणदार अक्षरं काढली आहेत. नवीन लिपिकाला पहिल्या दिवशी मी हेच रजिस्टर दाखवायचे आणि सांगायचे, इथे खोटं लिहिलं तर ते आपल्यानंतर पन्नास वर्षं खरं म्हणून चालतं.

या रजिस्टरातला 'कारण' हा रकाना वाचत बसायची मला सवय आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या वर्षीची आणि पुढच्या वर्षीची पानं उघडली की एकाखाली एक 'गावी जाणार', 'गावी जाणार'. नंतर चाळी पाडून टॉवर उभे राहू लागले तसा रकाना बदलला: 'राहते घर बदलले'. डोंबिवली, नालासोपारा, विरार, बदलापूर. मग आलं 'माध्यम बदल'. मराठी शाळा टिकल्या पाहिजेत असं माझ्यासमोर कळकळीने बोलणाऱ्या कितीतरी माणसांच्या मुलांचे दाखले मी याच शेऱ्यासकट लिहिले आहेत. त्यांच्यावर माझा राग नाही, पण त्यांच्या टाळ्यांवर मी आता विश्वासही ठेवत नाही.

मुलं कमी झाली की शिक्षक कमी होतात. ३० सप्टेंबरला पटावर जेवढी मुलं असतील, आणि त्यातल्या जेवढ्यांचं आधार जुळेल, तेवढ्यांवर संचमान्यता होते. म्हणजे पुढे किती पदं राहणार ते ठरतं. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने निकष आणखी कडक झाले. वर्गात मूल शिकतं का, हे त्या तक्त्यात कुठेच नसतं. आधारवर 'सुनिता' आणि आमच्याकडे 'सुनीता' असेल तर ती मुलगी रोज पहिल्या बाकावर बसत असली तरी मोजणीत अडकते. जुलै ते सप्टेंबर आमचे लिपिक आणि मी पोरांच्या वेलांट्या दुरुस्त करत असतो. आठवीची समीकरणं त्या दिवसांत कुणालातरी बदली तासाला द्यावी लागतात, आणि त्याची खंत मला दरवर्षी वाटते.

यंदा आमचं गणित अगदी काठावर होतं. सहावी ते आठवीत एक मूल कमी झालं की एक पद जाणार, आणि सेवाज्येष्ठतेने ते जाणार विज्ञानाच्या सरांचं. हे सर २०१२ मध्ये लागले. त्याच वर्षीच्या भरतीबंदीच्या घोळात त्यांची वैयक्तिक मान्यता, म्हणजे नेमणुकीला शिक्षण खात्याची मंजुरी, अडकली, मग ज्यावर पगार निघतो तो शालार्थ आयडी अडकला. तोवर ते सकाळी आमच्याकडे फुकट शिकवायचे आणि संध्याकाळी क्लासमध्ये शिकवून घर चालवायचे. १ नोव्हेंबर २००५ नंतरचे, म्हणून जुनी पेन्शन नाही. त्यात १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाचा टीईटीचा निकाल आला: नोकरीत असलेल्या शिक्षकांनीही ही शिक्षक पात्रता परीक्षा पास व्हायला हवी. मधल्या सुट्टीत ते डबा बाजूला सारून टीईटीचे प्रश्नसंच सोडवत बसायचे. चाळिशी ओलांडलेला, मुलांना लिंबू आणि खिळ्यांवर दिवा लावून दाखवणारा हा माणूस पुन्हा परीक्षार्थी झालेला मला बघवत नव्हता.

आणि तेव्हाच, जुलैच्या पहिल्या आठवड्यात, या मुलीची आई दाखला मागायला आली.

चाळ रिकामी झाली होती. बिल्डरकडून मिळणाऱ्या भाड्यात लालबागला खोली मिळेना, म्हणून ते बदलापूरला गेले. आई मसाला गल्लीत एका दुकानात पुड्या भरायला आहे. ती अजूनही रोज येते, तिच्या ओढणीला मिरचीचा खाट असतो. मुलगी महिनाभर तिच्याबरोबर यायची. आमची शाळा सात वीसला भरते. पहाटे पाचच्या आत घर सोडायचं, दादरला उतरायचं, स्लो पकडून करी रोडला यायचं. पहिल्या तासाला ती फळ्याकडे बघत बघत झोपायची. मी तिला उठवत नव्हते.

आईला मी म्हणाले, "लिपिक रजेवर आहेत, पुढच्या आठवड्यात या." ते रजेवर नव्हते. दुसऱ्यांदा ती जुलैअखेर आली. तेव्हा सांगितलं, दाखल्याचं पुस्तक संपलंय, छापायला दिलंय. पुस्तक माझ्या खणात होतं. गणपतीनंतर ती तिसऱ्यांदा आली तेव्हा मी सरळ तारीख दिली: "एक ऑक्टोबर. नक्की."

ऑनलाइनचंही तसंच. यू-डायस या सरकारी पोर्टलवर आम्ही मुलाचं नाव ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत, टाकल्याशिवाय नव्या शाळेला त्याच्या पेन क्रमांकावरून (प्रत्येक विद्यार्थ्याच्या कायम क्रमांकावरून) ते आपल्याकडे घेता येत नाही. मी ते टाकलं नाही. आणि तिकडच्या शाळेने सांगितलं, आधी दाखला आणा, मग बसवू.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ मला तोंडपाठ आहे. मुख्याध्यापकाने दाखला तात्काळ द्यायचा. दाखला नाही म्हणून नव्या शाळेने प्रवेश नाकारायचा नाही. दाखला देण्यात दिरंगाई केली तर मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई. नव्या मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षणात हे कलम मीच समजावून सांगितलं आहे. नाकारणारी ती शाळाही चुकली, पण तिला चुकायची संधी मी दिली.

आपल्या माणसाचं पद वाचवतोय, असं मी मनाला सांगत होते. ते खोटंही नव्हतं. आमच्या ओळखीच्या शाळांत हे सर्रास होतं. "सप्टेंबर काढा हो" हे वाक्य मी इतर मुख्याध्यापकांकडून इतक्यांदा ऐकलंय की ते चूक आहे हे जाणवणंच बंद झालं होतं. पूर्वी कुणी चार-आठ दिवस थांबवायचं. या वेळी मी एका मुलीला दोन महिने घरी बसवलं.

तर तो बुधवार. मुलगी उंच झाल्यासारखी वाटली. आई दाराशीच थांबली, चप्पल बाहेर काढून. मी खणातलं पुस्तक काढलं. दाखला मी स्वतः लिहिते, लिपिकाला देत नाही. रजिस्टर समोर उघडं ठेवून एकेक रकाना भरत गेले. प्रगती: समाधानकारक. वर्तणूक: चांगली. कारण: राहते घर बदलले. आणि शाळा सोडल्याचा दिनांक: १ ऑक्टोबर २०२५. हात अडखळला नाही, हे मला नीट आठवतंय.

सहीआधी पालकाकडून दाखला वाचून घ्यायचा, असा माझा नियम आहे. आडनावातल्या एका काना-मात्रेपायी माणसं आयुष्यभर प्रतिज्ञापत्रं करत फिरतात. आई म्हणाली, "तू वाच गं." मुलगी उभ्यानेच, बोट ठेवून, मोठ्याने वाचायला लागली. नाव, आईचं नाव, जन्मतारीख अक्षरी. मग थांबली.

"बाई, हे चुकलंय. मी नागपंचमीला शेवटची आले होते. एकोणतीस जुलै. त्या दिवशी तुम्ही विस्तार सूत्रं सुरू केली होती."

आईने तिला कोपराने ढोसलं. "असू दे. बाईंना माहीत असतं."

बाहेर पाचवीची पोरं 'या कुन्देन्दु' चुकतमाकत म्हणत होती. मी दाखला पुन्हा माझ्याकडे ओढला. त्याच्या तळाशी छापलेलं असतं की वरील माहिती जनरल रजिस्टर नंबर एकप्रमाणे आहे. त्याखाली माझी सही व्हायची होती. एकतीस वर्षांत त्या रजिस्टरात मी जाणूनबुजून खोटा आकडा लिहिला नव्हता. म्हणजे तसं मी समजत होते. त्या क्षणी मात्र मागच्या काही सप्टेंबरांतल्या नोंदी डोळ्यांपुढे आल्या. त्या चार-आठ दिवसांच्या तारखा खऱ्या होत्या का, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकले नाही.

लाल पेनाने दाखल्यावर दोन तिरक्या रेघा मारल्या, 'रद्द' लिहिलं, स्थळप्रतीवरही लिहिलं. दुसरा दाखला घेतला. लिपिकांच्या लक्षात आलं. ते खुर्चीतून उठून आले आणि हळूच म्हणाले, "बाई, काल पट पाठवलाय. तिचं नाव धरून." मी म्हटलं, "पत्र टाइप करा. एक कमी." ते चांगले आहेत, बावीस वर्षं माझ्याबरोबर आहेत. ते काही बोलले नाहीत, पण टाइप करायला बसायच्या आधी खिडकीतून सरांच्या वर्गाकडे बघून आले.

२९ जुलै २०२५, अक्षरी एकोणतीस जुलै दोन हजार पंचवीस. सही, शिक्का. रजिस्टरातही तेच. नाव ड्रॉपबॉक्समध्ये टाकलं. मी आईची माफी मागितली. दाखल्याचं पुस्तक संपलेलं नव्हतं हे सांगितलं. तिला आधी कळेना, मग कळलं, आणि ती म्हणाली, "गाडी पकडायचीय तिला, एकटीच जाणारेय. मला दुकानात जायचंय." तिने दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, पिशवी घडी करून छातीशी धरली. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

सरांना मी त्याच दिवशी शाळा सुटल्यावर सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. शेवटी एवढंच विचारलं, "म्हणजे तुम्ही जुलैपासून माझ्यासाठी थांबला होतात?" त्या प्रश्नात कृतज्ञता होती की दुखावलेपण, ते मला अजून उलगडलेलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला, तीन महिन्यांच्या नोटिशीसकट. ३१ जानेवारी माझा शेवटचा दिवस. संस्थेच्या कार्याध्यक्षांनी घरी बोलावून समजावलं. एका दाखल्यावरून कुणी नोकरी सोडतं का, दोन वर्षं तर राहिलीत. शाळेत वेगळीच चर्चा आहे: मी गेले की पर्यवेक्षिका मुख्याध्यापिका होतील, खाली एक जागा रिकामी होईल, आणि अतिरिक्त ठरणारे सर त्या जागेवर इथेच राहतील. हिशेब बरोबर आहे. मी तो केला होता, अर्ज लिहिण्याआधीच केला होता. पण सगळे त्याला त्याग म्हणतात तेव्हा मला राहवत नाही. सरांची सोय होत नसती तरी मी गेले असते. पुढच्या सप्टेंबरात आणखी कुणाची आई दाराशी चप्पल काढून उभी राहिली असती, पट पुन्हा काठावर असता, आणि मी खणातलं पुस्तक काढलं नसतं. एकदा माफी मागितल्याने हाताची सवय जात नाही. त्या खुर्चीत असं काही करायला अजून न शिकलेलं माणूस बसायला हवं. पर्यवेक्षिकांना मी हे शब्दशः सांगितलं आहे. त्यांनी विचारलं, "आणि पदं गेली तर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

शिक्षण खात्याच्या कार्यालयाने खुलासा मागवला. जे झालं ते लिहून दिलं. अजून पुढे काही आलेलं नाही.

मुलगी बदलापूरच्या शाळेत बसू लागली. दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्या आईला फोन करून विचारलं, मधले दोन महिने भरून काढायला रविवारी शिकवलं तर चालेल का. आईने ताबडतोब हो म्हटलं नाही, दोन दिवसांनी कळवलं. आता दर रविवारी सकाळी अकराला व्हिडिओ कॉल असतो. ती वही भिंतीला टेकवते, लहान भाऊ मध्ये मध्ये डोकावतो. नागपंचमीला जिथे थांबलो होतो तिथूनच सुरुवात केली. ए अधिक बी चा वर्ग तिला पक्का आहे. घन काढताना मात्र मधली दोन पदं अजून सुटतात.