स्प्रिंगच्या डोक्यावरची चकती

"तीन इंच म्हणजे तीन इंच. एक सूतही कमी नको," चावी हातात देताना साहेबांनी बजावलं.

गाडी आडरानात फिरणारी. मागे सॉलिड ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच अखंड आस, त्यावर कॉइल स्प्रिंगा, ॲक्सल जागेवर धरणाऱ्या चार लिंका आणि त्याला बाजूला सरकू न देणारा आडवा ट्रॅक बार. गाडी तीन इंच उंच करायची होती, आणि त्यासाठीचं लिफ्ट किट साहेबांनी स्वतःच मागवून आणलं होतं. लांब स्प्रिंगा, लांब शॉकअप, ट्रॅक बारचा ब्रॅकेट, वळणावर गाडी कलू न देणाऱ्या स्टॅबिलायझरच्या नव्या लिंका, सगळं खोक्यात व्यवस्थित. तक्रारी दोनच होत्या. गाडी मागून डावीकडे जराशी झुकते, आणि खड्ड्यातून बाहेर पडताना मागून "ठक्" आवाज येतो. गाडी त्यांनी वापरलेली घेतली होती. "आधीच्या मालकाने काही केलं होतं का?" असं मी विचारलं. ते म्हणाले, "छे, कंपनीतून आली तशीच आहे."

हे मी ऐकून घेतलं आणि खरं धरलं, ही माझी पहिली चूक.

काम सुरू करण्याआधी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावायची मला सवय आहे. उजवीकडे ५३० मिलिमीटर भरलं, डावीकडे ५१२. पाटीवर खडूने लिहिलं आणि मनात म्हटलं, डावी स्प्रिंग बसलीय, कुठल्याही जुन्या गाडीची बसते. कंपनीचा मूळ आकडा काय, हे पुस्तक उघडून पाहिलं नाही. मापं घेऊन ती कशाशीच ताडून पाहायची नसतील तर टेप खिशातच ठेवलेली बरी.

दुसरी चूक म्हणजे गाडी धुतली नाही. खालून चिखलाचा थर इतका की चेसिस कुठे संपते आणि माती कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. धुवून, वाळवून घ्यायचं तर अर्धा दिवस गेला असता. बोल्टांपुरता ब्रश मारला, आदल्या रात्री गंजावर तेल मारून ठेवलं, आणि सकाळी लागलो कामाला.

सुरुवात नेहमीप्रमाणे चाकं जमिनीवर असतानाच केली. मोठे बोल्ट तिथेच एकदा सैल करून घ्यायचे, पूर्ण काढायचे नाहीत. स्टँडवर चढवलेल्या गाडीवर लांब पाईप लावून जोर काढला की गाडी डुलते, आणि ती डुलताना आपण तिच्याखाली असतो. मग पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. हाताखालचा मुलगा म्हणाला, "दादा, हॅण्डब्रेक ओढलाय, गिअर पण पार्कमध्ये आहे, मग ठोकळे कशाला?" त्याला म्हटलं, हॅण्डब्रेक धरतो मागची चाकं, आणि तीच आपण हवेत उचलतोय. पार्क गिअरबॉक्समधून धरतो, पण मध्ये पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी ट्रान्सफर केस आहे. तिचा दांडा न्यूट्रलवर असला तर पार्क लावूनही गाडी खुशाल ढकलली जाते. मागच्या ॲक्सलकडे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट उतरवला तरी तेच. त्याने आत डोकावून दांडा पाहिला. न्यूट्रलवरच होता, कोणी ठेवला देव जाणे. त्यानंतर ठोकळे त्याने स्वतःच हातोड्याने ठोकून घट्ट केले.

चेसिसखाली दोन स्टँड, ॲक्सलखाली ट्रॉली जॅक, चाकं काढून ठेवली. स्टॅबिलायझरच्या लिंका सुटल्या. ॲक्सलमधली हवा आत-बाहेर जाऊ देणारी श्वासाची नळी काढली, एबीएसच्या वायरी क्लिपांतून सोडवल्या, हॅण्डब्रेकच्या केबलचे क्लॅम्प सैल केले. ब्रेक होजचा, म्हणजे ब्रेकचं तेल नेणाऱ्या रबरी नळीचा, ब्रॅकेट चेसिसवरून उघडून मोकळा केला. होज मोकळा झाला, असं मी समजलो.

मग शॉकअप. शॉकअप धक्का खातो असं नावावरून वाटतं. खरं तर धक्का खाते स्प्रिंग, आणि शॉकअप स्प्रिंगची नाचानाच थांबवतो, आतल्या तेलातून हालचालीची उष्णता करून टाकतो. पण असल्या गाडीत त्याच्याकडे आणखी एक काम असतं. गाडी वर उचलली की खाली लोंबणारा ॲक्सल बहुतेक वेळा तोच तोलून धरतो. दोन्ही शॉकअप सुटले की ॲक्सलला अडवणारं अधिकृत असं काही उरत नाही. जे अनधिकृत उरतं ते म्हणजे होज, वायरी, केबल. म्हणून ॲक्सलखाली जॅक बसल्याशिवाय शॉकअपला पाना लावायचा नाही, हे मी त्या मुलाला पहिल्या दिवसापासून सांगत आलोय.

खालचे बोल्ट सरळ निघाले. वरचे मात्र प्रत्येक शॉकअपला दोन-दोन, लहान, आणि त्यांचे नट चेसिसच्या आतून वेल्ड केलेले. तिथे हात पोचत नाही, नजरही पोचत नाही. पहिले तीन कुरकुरत आले. चौथ्याला पाव फेरा दिला, थांबलो, मागे घेतला, तेल सोडलं, पुन्हा पाव फेरा. गंजलेला बोल्ट असाच काढायचा, पुढे-मागे, पुढे-मागे. जोर तोच होता, आणि अचानक पाना हलका झाला. ज्याने बोल्ट तोडलेत त्याला हा हलकेपणा ओळखू येतो, पोटात खड्डा पडतो. डोकं पान्यात आलं, बाकीचा बोल्ट नटात तसाच राहिला. गॅस लावून लाल करावा तर शेजारी शॉकअप, आत दाबाखाली वायू भरलेला. त्याच्याजवळ ज्योत नेणं म्हणजे खेळ नव्हे. आधी शॉकअप बाजूला काढला, मग मध्यावर पंच मारून बारीक ड्रिलने सुरुवात केली आणि तास घालवून आटे वाचवले. टॅप फिरवल्यावर नवा बोल्ट हाताने आत गेला, तेव्हा कुठे चहा घेतला.

आता जॅक उतरवायचा. मुलगा डावीकडे वाकून स्प्रिंग पाहत होता, मी जॅकच्या दांड्यावर. इथे घाई करायची नसते. गणित सोपं आहे. मिलिमीटरला ३५ न्यूटनची स्प्रिंग १२० मिलिमीटर दाबली की ४,२०० न्यूटनचा जोर साठतो, म्हणजे सव्वाचारशे किलोच्या वर. ऊर्जा धरली तर २५२ ज्यूल, पंचवीस किलोचं पोतं मीटरभर उंचीवरून पायावर पडावं तितकी. जॅक हळू उतरवला तर ती आपली आपण निवते. म्हणून एकेक बोट उतरवत होतो.

उजवी बाजू उतरत गेली. डावी थोडी उतरली आणि थांबली. मी म्हटलं, अडकली असेल स्प्रिंग बैठकीत, आणखी थोडा सोडला.

"दादा, थांबा! वर घ्या, वर घ्या!"

जॅक परत वर मारला आणि खाली सरपटत गेलो. डावा ब्रेक होज तारेसारखा ताणला गेला होता. ब्रॅकेट मी उघडला होता, तरीही. बोटाने चिखल खरवडला तर आत बांधकामाची काळी तार निघाली, दोन वेढे देऊन पिळलेली. कोणीतरी होज टायरला घासू नये म्हणून त्याला चेसिसच्या पट्टीशी बांधून ठेवलं होतं. माती बसून तार दिसेनाशी झाली होती. काही सेकंद तरी त्या बाजूच्या ॲक्सलचं वजन, आणि स्प्रिंगचा उरलेला रेटा, त्या रबरी नळीवर होता.

होज बाहेरून धडधाकट दिसत होता. ओरखडा नाही, चीर नाही. पण ताणलेल्या होजच्या बाहेरच्या दिसण्यावर मी विश्वास ठेवत नाही. आतलं अस्तर फाटलं, तर ते झडपेसारखं वागू शकतं. पेडल दाबल्यावर तेल जातं, सोडल्यावर परत येत नाही, आणि एक चाक धरून बसतं. तो होज मी कापून टाकला, कोणी चुकून परत वापरू नये म्हणून. नवे दोन बसवले, माझ्या खर्चाने. तार माझी नव्हती, पण आंघोळ न घातलेल्या गाडीखाली शिरलो होतो मी.

तार कापून ॲक्सल सावकाश उतरवला, डावी स्प्रिंग हाताने बाहेर आली, आणि तिच्यामागोमाग वरच्या बैठकीतून चिखलाचा गोळा पडला. गोळ्यात काळ्या प्लास्टिकचा तुकडा. बॅटरी धरून वर पाहिलं. स्प्रिंगच्या डोक्यावर चकतीचा अर्धा भाग अजून चिकटून होता. उजवीकडची काढली, तिकडे चकती अख्खी. कॅलिपर लावला, ३० मिलिमीटर.

मी खाली बसलो आणि पुस्तक उघडलं, जे सकाळी उघडायला हवं होतं. मूळ उंची ५००.

म्हणजे गाडी आधीच कोणीतरी तीस मिलिमीटर उचलली होती. डावी चकती फुटली म्हणून डावीकडे झुकत होती. आणि तो "ठक्"? चकती टाकली, पण शॉकअप जुन्याच लांबीचे ठेवले. स्प्रिंग तीस मिलिमीटर खाली सरकली तर शॉकअपची खाली उघडायची जागा तेवढीच कमी होते. चाक खड्ड्यात उतरलं की शॉकअप पूर्ण ताणून आतल्या टोकाला आपटत होता. होज तारेने बांधणाराही बहुधा हाच कारागीर. मी त्याला ओळखत नाही, ओळखायची इच्छाही नाही.

साहेबांना फोन केला. ते आले, चकत्या हातात घेऊन पाहिल्या, आणि मग हिशोब सुरू झाला.

"म्हणजे तुमचं तीन इंच मोजायचं कुठून?"

"किटवाल्याचं तीन इंच मूळ उंचीपासून, साहेब. पाचशेचं पाचशे पंचाहत्तर. तुम्ही रोज पाहता ती गाडी पाचशे तीसवर आहे."

"मग मला मिळालं किती?"

"पंचेचाळीस मिलिमीटर. पावणेदोन इंच."

"मग ह्या चकत्या नव्या स्प्रिंगांवर परत बसवा ना. होतील चार."

चाराहून थोडे जास्तच झाले असते. बसवल्या असत्या तर साहेब खूश झाले असते आणि पहिल्याच खड्ड्यात नवे शॉकअप जुन्यांसारखेच ठोकायला लागले असते. आणि ट्रॅक बारचं काय? मी जमिनीवर खडूने चित्र काढलं. ट्रॅक बार एका टोकाने चेसिसला, दुसऱ्याने ॲक्सलला. पॅनहार्ड या फ्रेंच मोटार कंपनीच्या नावावरून त्याला पॅनहार्ड रॉडही म्हणतात. गाडी वर जाते तसा तो दांडा तिरपा होतो आणि ॲक्सलला एका बाजूला ओढतो. ८०० मिलिमीटरचा दांडा, दोन टोकांच्या उंचीत १०० मिलिमीटरचा फरक. तो फरक १७५ झाला तर ॲक्सल १३ मिलिमीटर सरकतो. २०५ झाला तर २० वर जातो. किटमधला ब्रॅकेट पंचाहत्तरसाठी बनवलेला आहे, त्यापुढचं तो भरून काढणार नाही. साहेब खडूच्या रेघांकडे बराच वेळ बघत होते. "ठीक आहे, तुमचं पाचशे पंचाहत्तर करा," एवढंच म्हणाले, पण चेहऱ्यावरून सौदा तोट्यात गेल्यासारखं दिसत होतं.

ट्रॅक बारच्या खालच्या बोल्टने संध्याकाळ खाल्ली. नट निघाला, बोल्ट निघेना. पान्याने पाव फेरा फिरवायचा, सोडला की तो गुपचूप मूळ जागी येतो. आपल्याला वाटतं फिरला. फिरत असतं बुशचं रबर, बुश म्हणजे दांड्याच्या टोकातली रबर चढवलेली लोखंडी नळी. बोल्ट आतल्या नळीशी गंजून एकजीव झालेला, आणि रबर पिळून परत उलगडतंय. असल्या बोल्टवर घण मारून ब्रॅकेट वाकवणारे मी पाहिलेत. आम्ही बुश आणि ब्रॅकेटच्या फटीत आरीचं पातं घातलं, दोन्ही बाजूंनी बोल्ट कापला आणि बार मोकळा केला. बुश नवा दाबून बसवला. बाकी बसवणं सरळ होतं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

फक्त एक. मुलाने सगळे बोल्ट बसवून गाडी स्टँडवर असतानाच ठरावीक जोराने आवळणारा टॉर्क रेंच उचलला होता. त्याला थांबवलं. लिंका आणि ट्रॅक बारचे बुश शेवटचे आवळायचे ते चाकं जमिनीवर आणि गाडी आपल्या वजनावर बसलेली असताना. ॲक्सल लोंबत असताना आवळले तर रबर त्याच स्थितीत पकडलं जातं. गाडी खाली ठेवली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. ब्रेकची हवा काढून गाडी खाली घेतली, चार वेळा पुढे-मागे केली, मागे उभं राहून दाबली, मग खाली शिरून एकेक आवळला.

टेप लावली. उजवीकडे ५७६, डावीकडे ५७४.

आठ दिवसांनी साहेब परत आले. "ठक्" गेला होता, झुकाव गेला होता. पण ठरावीक वेगाला आता बुडाखालून बारीक थरथर जाणवत होती. प्रोपेलर शाफ्टच्या दोन टोकांना अँगल गेज लावला. ट्रान्सफर केसच्या टोकाचा सांधा आणि डिफच्या, म्हणजे मागच्या ॲक्सलमधल्या डिफरन्शियलच्या, टोकाचा सांधा यांच्या कोनांत तीन अंशांचा फरक होता. तो जितका शून्याजवळ तितकं बरं. गाडी उंच करताना पिनियनचं, म्हणजे शाफ्ट जिथे जोडला जातो त्या ॲक्सलमधल्या गिअरचं, तोंड फिरलं होतं. मुलगा टेप आणि पुस्तक दोन्ही घेऊन आला, आणि न सांगता गाडी धुवायला घेऊन गेला.